घड्याळाला अंतर कळते, दम कळत नाही

सांगलीत पहाटे आयर्विन पुलावर किंवा सांगली-मिरज रस्त्यावर पळणाऱ्यांची आणि सायकल चालवणाऱ्यांची वर्दळ असते. त्यांतल्या अनेकांच्या मनगटावर जीपीएस घड्याळ असते. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांच्या दंडाला मोबाइल बांधलेला असतो. पळून झाले की पहिली नजर आकड्यांवर जाते. किती किलोमीटर झाले, एका किलोमीटरला किती मिनिटे लागली, म्हणजे पळणाऱ्यांच्या भाषेत ‘पेस’ किती पडला, नाडी कितीवर गेली, कॅलरी किती जळल्या. दोन-चार महिन्यांत माणसाला आपला पेस पाठ होतो. ‘माझा साडेसहाचा आहे,’ असे तो सांगू लागतो.

हाच माणूस मग साताऱ्याच्या शर्यतीत नाव घालतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. डोंगरातील एकाच शर्यतीत सर्वाधिक धावपटू पळाल्याबद्दल २०१५ मध्ये तिची गिनेस बुकात नोंद झाली. त्या वर्षी अडीच हजारांहून अधिक जण पळाले होते. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असा तिचा मार्ग. म्हणजे अर्धी शर्यत बहुतांशी चढाची आणि अर्धी उताराची. सांगलीचा सपाट रस्ता आणि यवतेश्वरचा घाट यांच्यातला फरक पायांना पहिल्याच वळणावर समजतो. मनगटावरचे घड्याळ मात्र तोच जुना साडेसहाचा पेस मागत राहते आणि ‘पेस घसरला’ म्हणून कंप पावते. घड्याळाचे ऐकायचे की छातीचे, हा प्रश्न तिथे उभा राहतो. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसासाठी तो जिवाचा प्रश्न ठरू शकतो.

म्हणून हे यंत्र काय मोजते, काय नुसते अंदाजाने सांगते आणि काय त्याला मुळीच कळत नाही, हे वापरणाऱ्याला माहीत असायला हवे.

उपग्रह काय सांगतात?

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह व्यवस्था. तिचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते आणि तो सतत ‘मी अमुक आहे, अमुक ठिकाणी आहे, आता अमुक वेळ झाली आहे’ असा संदेश पाठवत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. तो पोचायला किती वेळ लागला, यावरून तो उपग्रह किती लांब आहे हे घड्याळ काढते. निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली, की आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे गणिताने ठरते.

या गणितात वेळेची चूक अजिबात चालत नाही. प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. उपग्रहातील घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा आईनस्टाईनच्या सापेक्षतावादाचा परिणाम. त्याची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल. यवतेश्वरला पळणाऱ्याच्या मनगटावर आईनस्टाईनही असतो, तो असा.

ही व्यवस्था मुळात लष्करासाठी होती. मे २००० पर्यंत सामान्य लोकांना मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवलेला असे, त्यामुळे सुमारे शंभर मीटरपर्यंत चूक होई. ते बंधन उठले आणि तीन वर्षांत, २००३ मध्ये, गार्मिन कंपनीची पळणाऱ्यांसाठीची मनगटी यंत्रे बाजारात आली. आजची घड्याळे रशियाच्या ग्लोनास, युरोपच्या गॅलिलिओ आणि चीनच्या बैदू या व्यवस्थांचेही संदेश घेतात. भारताची स्वतःची व्यवस्था ‘नाविक’. तिचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये सुटला. मे २०२३ मध्ये सोडलेल्या ‘एनव्हीएस-०१’ या उपग्रहात भारतात बनवलेले अणुघड्याळ आहे. शिवाय घड्याळासारख्या छोट्या उपकरणांना सोयीची असलेली ‘एल-१’ ही लहरही नाविकमध्ये प्रथमच या उपग्रहाने आणली.

तात्पर्य इतकेच, की जीपीएसला फक्त जागा कळते. आता इथे आहात, सेकंदाने तिथे. या ठिपक्यांना जोडून अंतर निघते आणि अंतराला वेळेने भागून वेग. बाकी सारे आकडे त्याच्या पुढचे. सांगलीच्या तालमीत तासभर जोर-बैठका मारून, लढती करून घामाघूम झालेल्या पैलवानाच्या हाताला हे घड्याळ बांधले, तर जीपीएसच्या हिशेबाने त्याने अंतर कापले शून्य. मेहनत मात्र कुणापेक्षा कमी नसते. हालचाल आणि श्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवण्यासाठी पैलवान फार उपयोगी आहे.

घाटात घड्याळ कुठे चुकते?

मोकळ्या आकाशाखाली जागेची चूक साधारण तीन ते पाच मीटर असते. सांगलीच्या सरळ रस्त्यावर त्याने फारसे बिघडत नाही. घाटात चित्र बदलते. एका बाजूला कडा असला की अर्धे आकाश झाकले जाते. संदेश कड्यावर आपटून उशिराने येतो आणि घड्याळाला वाटते, उपग्रह जरा लांब आहे. दाट झाडीत, विशेषतः पावसाळ्यात पाने भिजलेली असताना, संदेश आणखी अशक्त होतो. नागमोडी वळणांवर सेकंदाला एक ठिपका घेणारे घड्याळ कधी वळण कापते, तर कधी रस्त्याबाहेर भटकून येते. खंबाटकीच्या बोगद्यात संदेश पोचतच नाही. तिथे यंत्र दोन टोके सरळ रेषेने जोडून मोकळे होते.

शर्यत संपल्यावर ‘आयोजकांनी अंतर जास्त ठेवले, माझ्या घड्याळात २१.४ आले’ अशी तक्रार हमखास ऐकू येते. हाफ मॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर. प्रमाणित शर्यतींचा मार्ग जीपीएसने नव्हे, तर सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून मोजतात, आणि तोही वळणांच्या आतल्या, सर्वांत जवळच्या रेषेने. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर हजार मीटरला एक मीटर जादा धरतात. पळणारा मात्र गर्दीतून इकडेतिकडे होत, पाण्याच्या टेबलाकडे वळत जातो. त्यात घड्याळाची चूक मिळाली की दोन-तीनशे मीटर सहज वाढतात. त्यात कुणाचीच फसवणूक नसते.

उंचीच्या बाबतीत जीपीएस अधिकच कच्चे आहे. उपग्रह सगळे डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने उभ्या दिशेची चूक आडव्या चुकीच्या दीडपट ते तिप्पट असते. म्हणून चांगल्या घड्याळांत हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. साधारण आठ-नऊ मीटर चढले की दाब एका हेक्टोपास्कलने कमी होतो. पण हवेचा दाब एका जागी बसल्या बसल्याही बदलतो. आपल्याकडे तो सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा असू शकतो. म्हणजे घरात टेबलावर ठेवलेले घड्याळ दुपारपर्यंत पंचवीस-तीस मीटर ‘चढलेले’ दिसू शकते.

भरतीच्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पहाटे पळणाऱ्यांत मोठा वाटा लष्कर आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा असतो. सातारा जिल्ह्यात तर अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. बहुतेक जण मोबाइलमधल्या ॲपवर अंतर मोजून सराव करतात.

इथे हिशेब करून पाहू. मोबाइलच्या अंतरात दोन टक्के चूक होणे सहज शक्य आहे. १६०० मीटरचे दोन टक्के म्हणजे ३२ मीटर. साडेपाच मिनिटांत १६०० मीटर पळणाऱ्याला ३२ मीटरला सहा-सात सेकंद लागतात. ॲपने १५६८ मीटरलाच ‘१६०० झाले’ म्हटले, तर मुलगा महिनोन्‌महिने स्वतःला सहा-सात सेकंद वेगवान समजत राहतो, आणि मैदानावर टेपने मोजलेल्या अंतरात ते सेकंद उघडे पडतात. भरतीत इतक्या सेकंदांवर गुण आणि नोकरी ठरू शकते.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकवर सर्वांत आतल्या लेनमधून चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. बाहेरच्या लेनमध्ये फेरी मोठी होते. आठव्या लेनची फेरी सुमारे ४५३ मीटर भरते. ट्रॅक नसेल तर मैदानाची फेरी एकदा टेपने मोजून खुणा कराव्यात आणि साधे स्टॉपवॉच वापरावे. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या. प्राथमिक फेरीतील त्यांची ९ मिनिटे १९.७६ सेकंदांची वेळ तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होती, आणि पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी एखादी भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवरील अंतिम फेरीत पळत होती. अशी वेळ मोजलेल्या ट्रॅकवर, फेरीमागून फेरी सेकंद राखूनच साधते.

चढाची किंमत

आता मूळ मुद्दा. पळताना शरीर किती ऊर्जा खर्च करते, याचा शास्त्रज्ञांनी चढ-उतारांवर बारकाईने अभ्यास केला आहे. संशोधक मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याचे सूत्रच मांडले. त्या सूत्रानुसार शंभर मीटरला पाच मीटर चढ असेल, तर प्रत्येक मीटर पळण्याची किंमत सपाटीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. शंभर मीटरला दहा मीटर चढ असेल, तर ती सुमारे दोन तृतीयांशांनी वाढते.

हे पेसच्या भाषेत मांडले तर असे. सांगलीत किलोमीटरला साडेसहा मिनिटे घेणाऱ्या माणसाला तेवढाच श्रम ठेवून पाच टक्के चढावर सुमारे साडेआठ मिनिटे लागतील, आणि दहा टक्के चढावर जवळजवळ पावणेअकरा. हा पेस घसरणे नव्हे, तो चढाचा रास्त भाव आहे.

उलट बाजूने पाहिले की धोका स्पष्ट होतो. एखादा माणूस सपाटीवर आपल्या क्षमतेच्या ७५ टक्के श्रमाने पळतो आहे. तोच पेस त्याने पाच टक्के चढावर हट्टाने टिकवला, तर त्याचा श्रम जवळपास ९७ टक्क्यांवर जातो. या पातळीवर माणूस काही मिनिटेच टिकू शकतो. पण घाट काही मिनिटांत संपत नाही. हृदयाची गती कमाल मर्यादेला भिडते, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या स्नायूला स्वतःलाच जास्त प्राणवायू लागतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या निरोगी असतील तर माणूस धापा टाकत चालू लागतो, इतकेच. त्यांत आधीच चरबीचा थर साचलेला असेल, आणि चाळिशीनंतर तो कुठल्याही लक्षणाविना असू शकतो, तर हाच क्षण घातक ठरू शकतो. नियमित व्यायामाने हृदयविकाराचा धोका एकंदरीत कमीच होतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात शंका नाही. पण सवय नसलेल्या शरीराला अचानक कमाल श्रमात ढकलले, तर त्या तेवढ्या वेळापुरता धोका वाढतो.

परतीच्या उताराचाही वेगळा हिशेब आहे. उतारावर दम कमी लागतो, नाडी खाली येते, पेस सुधारतो आणि घड्याळ शाबासकी देते. पण त्याच वेळी मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून प्रत्येक पावलाला शरीर आवरत असतात. अशा कामात स्नायूतंतूंना सर्वांत जास्त इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो, त्याचे कारण हेच. ज्यांचा सारा सराव सपाटीवरचा आहे, त्यांनी शर्यतीआधी काही आठवडे दंडोबाच्या किंवा सागरेश्वरच्या बाजूला चढ-उतारावर थोडेथोडे पळून मांड्यांना सवय लावावी. आणि शर्यतीच्या सकाळी ‘आधीच एक घेऊन ठेवू’ म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मुळीच घेऊ नये. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

मनगटावरची नाडी

‘मग पेस न बघता नाडी बघावी,’ असे कुणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण नाडीचा आकडाही तपासून घ्यावा लागतो.

घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा असतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला कातडीखालचे रक्त कमी-जास्त होते, त्यामुळे परतणारा प्रकाशही बदलतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल, हात गार पडला असेल, तिथे गोंदण असेल किंवा हात फार हलत असेल, तर मोजणी चुकते. कधी कधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलेच मोजते. पळणाऱ्याची पावले मिनिटाला १६०-१७० पडतात, आणि नाडीही १६५ दिसू लागते. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संदेश टिपतो, म्हणून तो अधिक भरवशाचा.

दुसरी गोम कमाल नाडीची. ‘२२० वजा वय’ हे सूत्र बहुतेक घड्याळांत भरलेले असते. पंचेचाळिशीच्या माणसाला ते १७५ सांगते. पण त्याच वयाच्या निरोगी माणसांत ही संख्या दहा-बारा ठोक्यांनी मागे-पुढे असणे अगदी सामान्य आहे. त्यामुळे घड्याळाने रंगवलेले हिरवे, पिवळे, लाल पट्टे तुमच्या शरीरासाठी बेतलेले असतीलच असे नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशी औषधे घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच वाढत नाही. धाप लागून बोलणे बंद झाले तरी घड्याळ ‘हलका व्यायाम’ दाखवत राहू शकते. अशांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

कॅलरीचा आकडा तर निव्वळ अंदाज आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणे तपासली. नाडी त्यांतल्या सहांनी पाच टक्क्यांच्या आत बरोबर मोजली. पण ऊर्जेच्या मोजणीत सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूकही २७ टक्के निघाली, आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. तेव्हा ‘आज सहाशे कॅलरी जळल्या’ म्हणून जिलेबीचा हिशेब बसवणे धोक्याचे, विशेषतः मधुमेहींना. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना उलट धोकाही असतो. लांब पल्ल्यात साखर एकदम उतरू शकते आणि साध्या घड्याळाला ते कळत नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवीच.

सायकल, घाट आणि वाट

सायकलस्वाराला वेगाचा आकडा आणखी फसवतो, कारण त्यात वाऱ्याची भर पडते. समोरून वारा असला की सपाटीवरही वीसचा वेग घाम काढतो आणि पाठीमागून असला की तीस सहज निघतो. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ सायकलिंगमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास अशी मुदत असते. घड्याळाशी शर्यत करून पहिल्या घाटातच दम घालवणारे पुढे पेंगत चालवतात. रात्रीचे पेंगणे आणि हँडलवरच्या पडद्याकडे टक लावून पाहणे, दोन्ही जिवावर बेतू शकते. गळिताच्या हंगामात सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात आणि अनेकींना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. अशा वेळी नजर पडद्यावर नव्हे, रस्त्यावरच हवी.

वाट शोधण्याच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. जीपीएस यंत्र संदेश फक्त घेते, पाठवत नाही. मोबाइलला रेंज नसली तरी तुम्ही कुठे आहात हे तुमच्या यंत्राला कळू शकते, पण घरच्यांना किंवा बचाव पथकाला ते आपोआप कळत नाही. बामणोलीहून होडीने पलीकडे जाऊन वासोट्याच्या जंगलात शिरले, की रेंज भरवशाची नसते. म्हणून निघण्यापूर्वी नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, घरी वाट आणि परतीची वेळ सांगावी आणि बॅटरी राखावी. परदेशात मिळणारी, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे आपल्याकडे परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे, हेही माहीत असावे. रस्त्यावर कुणी कोसळले तर १०८ ला फोन करताना किलोमीटरचा दगड, जवळचे गाव आणि मोबाइलमधले ठिकाण सांगावे. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट नसेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यावर जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब देत राहावे.

ज्यांना आपला मार्ग ॲपवर सर्वांना दाखवायची हौस आहे, त्यांनी २०१८ ची गोष्ट आठवावी. स्ट्राव्हा या ॲपने जगभरच्या पळणाऱ्यांचे मार्ग एकत्र करून नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यात वाळवंटांतील लष्करी तळांच्या कुंपणाच्या वाटा उजळून दिसल्या, कारण सैनिक घड्याळ लावून पळत होते. एकटीने पहाटे पळणाऱ्या मुलीचे घर, वेळ आणि रस्ताही असाच उघड होतो. घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय अनेक ॲपमध्ये असते. ती सुरू करावी.

मग घड्याळ काढून ठेवायचे का?

अजिबात नाही. एका दिवसाचा आकडा फसवा असला, तरी अनेक आठवड्यांचा कल खरा असतो. त्याच रस्त्यावर, त्याच पेसला नाडी महिन्याभरात पाच-सात ठोक्यांनी खाली आली, तर तब्येत सुधारते आहे. सकाळी अंथरुणातली नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागली, तर झोप कमी झाली आहे, ताप येऊ घातला आहे किंवा व्यायामाचा अतिरेक होतो आहे. त्या दिवशी विश्रांती घ्यावी. आठवड्याचे एकूण अंतर एकदम वाढू नये, यावर नजर ठेवायलाही घड्याळ चांगले. क्रिकेट-फुटबॉलचे खेळाडू सरावात पाठीवर जीपीएसची डबी असलेले बनियन घालतात, त्यामागेही हाच हिशेब असतो. खेळाडूवर किती भार पडला हे पाहून दुखापतीआधी त्याला थांबवायचे.

श्रम मोजण्याचे सर्वांत साधे साधन मात्र फुकट आहे, आणि ते म्हणजे आपले बोलणे. गाता येत असेल तर श्रम हलका. सातारा जिल्ह्यातून लोणंद, फलटण मार्गे जाणारे वारकरी मैलोन्‌मैल अभंग म्हणत चालतात, ते याच पातळीवर. पूर्ण वाक्य बोलता येते पण गाता येत नाही, तर श्रम मध्यम. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नसेल, तर तो तीव्र. घाटात पहिला अर्धा भाग वाक्य बोलता येईल इतक्याच श्रमाने चढावा. त्यासाठी चालावे लागले तर चालावे. घड्याळात पेसचा पडदा बंद करून ठेवता येतो. चढावर तो बंदच ठेवावा.

चाळिशीपुढच्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार अशी पार्श्वभूमी असलेल्यांनी, शर्यतीत नाव घालण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. छातीत दाब किंवा जळजळ, जबडा, मान किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले, तर तिथेच थांबावे आणि मदत मागावी. अशा वेळी घड्याळात नाडी ठीक दिसते, याला काही अर्थ नाही. काही महागडी घड्याळे ईसीजी काढतात, पण त्यातून नाडीची अनियमितता कळू शकते. हृदयविकाराचा झटका येतो आहे की नाही, हे ठरत नाही. नाव घालताना भरलेले पैसे, मित्रांना दिलेला शब्द आणि शेवटच्या रेषेवर मिळणारे पदक यांतले काहीही त्या पाच मिनिटांपेक्षा मोठे नसते.

यवतेश्वरचा घाट पुढच्या वर्षीही तिथेच असतो.